घरगुती मत्स्यालयातील लघुकोळंबीचे संगोपन व प्रजनन : साजगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील साजगाव हे गाव विठ्ठल मंदिरासाठी आणि कार्तिक महिन्यात भरणाऱ्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरत असल्यामुळे येथील दैवताला 'बोंबल्या विठोबा' असे लोकनाम प्राप्त झाले आहे. बोंबील, सोडे, जवळा, सुकट यांच्या राशींशी या परिसराचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. म्हणजेच कोळंबी हा येथील माणसाला ताटातील पदार्थ म्हणून चांगलाच ठाऊक आहे. परंतु ती जगते कशी, वाढते कशी, पिल्ले कशी वाढवते, हे पाहण्याची संधी त्याला क्वचितच मिळते.

गेल्या काही दशकांत शोभिवंत मत्स्यपालनाच्या छंदात गोड्या पाण्यातील लघुकोळंबीने महत्त्वाचे स्थान मिळवले आहे. जेमतेम २ ते ३ सेंटिमीटर लांबीचा हा जीव काचेच्या लहान टाकीत आपले संपूर्ण जीवनचक्र पूर्ण करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याच्या सूचना दिल्या. त्यानंतर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाचे महत्त्व वाढले आहे. त्या दृष्टीने ही कोळंबी केवळ छंदाचा विषय न राहता अध्यापनाचे एक साधन ठरू शकते. मात्र या जीवाचे संगोपन उपकरणांपेक्षा स्थानिक पाणी व ऋतुमान यांच्या जाणिवेवर अवलंबून असते. तसेच टाकीतील जीव टाकीतच राहील याची जबाबदारीही पालकावर येते. या दोन मुद्द्यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१. लघुकोळंबीची शरीररचना व जीवनचक्र यांचा परिचय करून देणे.
२. साजगाव परिसरातील पाणी व हवामान यांच्या संदर्भात संगोपनाची पद्धती स्पष्ट करणे.
३. प्रजननाच्या टप्प्यांचे अध्यापनातील उपयोग सांगणे.
४. परकीय कोळंबी नैसर्गिक जलस्रोतांत जाण्याचे धोके निदर्शनास आणणे.

लघुकोळंबी : वर्गीकरण व परिचय

कोळंबी हा संधिपाद संघातील, कवचधारी वर्गातील, दहा पायांचा प्राणी होय. मत्स्यालयात सर्वाधिक पाळली जाणारी लाल 'चेरी' कोळंबी ही अटिडी कुळातील असून तिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी असे आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बुव्हिए यांनी १९०४ मध्ये या जातीचे वर्णन केले. जुन्या पुस्तकांत ती 'हेटेरोपोडा' या जातिनावाने आढळते. त्यामुळे वाचकाचा गोंधळ होण्याची शक्यता असते. चीन, तैवान, कोरिया हा तिचा मूळ प्रदेश होय. निसर्गात ती तपकिरी, करडी व ठिपकेदार असते. लाल, पिवळे, निळे, नारिंगी हे रंग निवड पद्धतीने केलेल्या पैदाशीचे फलित आहे.

या कुळातील कोळंबीच्या पुढील दोन जोड्यांच्या नख्यांच्या टोकाला केसांचे कुंचले असतात. या कुंचल्यांनी ती दगड, पाने, काच यांवर साचलेला शैवाल व सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर खरवडून खाते. दिवसभर अविरत चालणारी ही क्रिया पाहणे हाच छंदिष्टांच्या दृष्टीने मोठा आनंद असतो. जपानी छायाचित्रकार व जलोद्यान रचनाकार ताकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकात शैवाल नियंत्रणासाठी कॅरिडिना मल्टिडेंटाटा या कोळंबीचा वापर सुरू केला आणि तेव्हापासून लघुकोळंबी जगभरच्या मत्स्यालयांत पोहोचली.

या दोन जातींतील एक भेद मूलभूत स्वरूपाचा आहे. अमानो यांच्या कोळंबीची अळी खाऱ्या पाण्यातच वाढते. आपल्याकडे शेततळ्यांत पाळली जाणारी गोड्या पाण्यातील महाकाय कोळंबी, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, हिच्याही अळ्यांना निमखारे पाणी लागते. निओकॅरिडिनाच्या बाबतीत मात्र स्वतंत्रपणे तरंगणारी अळी-अवस्था नसते. अंड्यातून थेट आईबापाची लघुप्रतिकृती असलेले पिल्लू बाहेर येते. त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या घरातही तिचे प्रजनन विनासायास होते. हाच गुण तिच्या लोकप्रियतेचे कारण आहे आणि, पुढे पाहिल्याप्रमाणे, तिच्यापासून संभवणाऱ्या धोक्याचेही कारण आहे.

पाण्याचे स्वरूप

खोपोली येथील टाटा जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण व शिरवता या जलाशयांचे पाणी वीजनिर्मितीनंतर पायथ्याशी सोडले जाते आणि ते पातळगंगेतून वाहते. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र १९२२ पासून उल्हास नदीला असेच पाणी देत आले आहे. काळ्या बेसॉल्ट खडकावर पडलेले पावसाचे हे पाणी असल्याने त्यात विरघळलेले क्षार सामान्यतः कमी असतात; ते मृदू असते. याउलट कूपनलिकेचे पाणी खडकांच्या भेगांत दीर्घकाळ राहिल्याने अधिक कठीण असते.

मृदू पाणी धुण्या-शिजवण्यास उत्तम असले तरी कोळंबीला ते अपुरे पडते. कोळंबीचे बाह्यकवच कायटिन व कॅल्शियमचे क्षार यांनी बनते. वाढीसाठी तिला हे कवच वरचेवर टाकावे लागते. पिल्ले काही दिवसांच्या अंतराने, तर प्रौढ कोळंब्या साधारणतः ३ ते ५ आठवड्यांनी कवच टाकतात. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे नसल्यास कवच नीट सुटत नाही. डोके व उदर यांच्या मध्ये पांढरे वलय दिसू लागते आणि कोळंबी त्याच अवस्थेत मरते. निओकॅरिडिनासाठी पाण्याचा एकूण कठीणपणा ६ ते ८ जर्मन अंश, म्हणजे लिटरमागे सुमारे १०५ ते १४५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका, आणि सामू ६.८ ते ७.८ या दरम्यान असणे हितावह मानले जाते. विद्राव्य क्षारांचे प्रमाण १५० ते २५० भाग प्रति दशलक्ष असल्यास पुरते.

यावर सोपा उपाय म्हणजे नळाचे मृदू पाणी व कूपनलिकेचे कठीण पाणी मोजून मिसळणे. स्वच्छ धुऊन उकळलेले तिसऱ्यांचे शिंपले गाळणीजवळ ठेवल्यास तेही हळूहळू विरघळून पाण्याला कॅल्शियम पुरवतात. घरगुती शुद्धीकरण यंत्राचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते क्षार मिसळल्याशिवाय वापरू नये. येथे लक्षात घेण्याचा मुद्दा असा की, आकडा अचूक असण्यापेक्षा तो स्थिर असणे अधिक महत्त्वाचे असते. किंचित मृदू परंतु न बदलणाऱ्या पाण्यात कोळंबी तग धरते. दर आठवड्याला बदलणाऱ्या 'आदर्श' पाण्यात ती टिकत नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरिन हा दुसरा प्रश्न होय. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाल्यावर तुरटी व क्लोरिन यांचे प्रमाण वाढवले जाते. असे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून व त्यात हवा सोडून, किंवा सोडियम थायोसल्फेटचा योग्य वापर करूनच टाकीत घालावे.

टाकीची उभारणी

४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशा टाकीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. नवशिक्या पालकाने याहून लहान टाकी घेऊ नये, कारण पाणी जितके कमी तितके त्याचे तापमान व रसायन लवकर बदलते. तळाला बारीक, न विरघळणारी खडी पसरावी. गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी सर्वोत्तम ठरते. तिच्यात पिल्ले ओढली जात नाहीत आणि स्पंजवर वाढणारे सूक्ष्मजीव त्यांचे अन्नही बनतात. जावा मॉस, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती लावाव्यात. मात्र भातखाचराजवळच्या ओहोळातून आणलेल्या वनस्पतींवर कीटकनाशकांचा अंश असण्याचा संभव असल्याने त्या थेट टाकीत घालणे टाळावे.

टाकी भरली म्हणजे ती तयार झाली असे होत नाही. कोळंबीच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून निर्माण होणारा अमोनिया विषारी असतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जीवाणू स्थिरावण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात सर्वांत महत्त्वाचे काम चालू असते. अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी शून्य दाखवू लागल्यावरच कोळंबी सोडावी. नव्या पालकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे ही प्रतीक्षा न करणे.

घरातील अदृश्य विषे

कवचधारी प्राण्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे द्रव्य तांबेयुक्त असते. तथापि पाण्यात विरघळलेले तांबे मात्र त्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. ग्रामीण घरांत तांब्याच्या हंड्यात, कळशीत पाणी भरून ठेवण्याची चांगली परंपरा आहे. परंतु ते पाणी कोळंबीच्या टाकीसाठी वापरू नये. माशांच्या रोगांवरील अनेक औषधांतही तांब्याचे क्षार असतात. म्हणून औषधावरील घटकांची यादी वाचणे अनिवार्य ठरते.

दुसरे विष डासांच्या निमित्ताने घरात येते. पावसाळ्यात वापरल्या जाणाऱ्या अगरबत्त्या, वड्या, द्रव यंत्रे व फवारे यांत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात. माणसाला ती तुलनेने सौम्य वाटतात. परंतु कीटक व कोळंबी हे दोन्ही संधिपाद असल्याने डासाला मारणारे द्रव्य कोळंबीलाही सोडत नाही. टाकीच्या खोलीत अशी साधने वापरू नयेत. मच्छरदाणी हा निर्धोक पर्याय आहे. पालक, काकडी, दुधी असे पदार्थ अन्न म्हणून देतानाही ते भरपूर धुऊन, किंचित उकडून द्यावेत.

ऋतुमान व संगोपनाचे वेळापत्रक

निओकॅरिडिनासाठी २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते. ३० अंशांपुढे तिच्यावर ताण येऊ लागतो आणि ३२ अंशांच्या आसपास माद्यांना पोटाखालची अंडी टिकवणे कठीण जाते. उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना केवळ ७.६ मिलिग्रॅम. म्हणजे शरीराची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. शिवाय तापमान व सामू वाढला की अमोनियाची विषबाधाही तीव्र होते. कर्जत-खालापूर पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे लक्षात घेता या भागातील पालकाची खरी कसोटी चैत्र-वैशाखात लागते.

त्यामुळे संगोपनाचा आरंभ केव्हा करावा, या प्रश्नाला येथे विशेष महत्त्व आहे. नवरात्रीच्या सुमारास टाकी भरून जीवाणूंना स्थिरावू द्यावे आणि कार्तिकात, म्हणजे यात्रेच्या दिवसांत, कोळंबी आणावी. पुढील चार महिने रात्री थंड असतात, घरातील पाणी अनुकूल मर्यादेत राहते आणि उन्हाळ्यापूर्वी पहिली पिढी वाढीस लागते. कोळंबी बहुधा मुंबईतील कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केट येथील दुकानांतून आणली जाते. लोकलने खोपोलीपर्यंतच्या प्रवासात पिशवी सावलीत व स्थिर ठेवावी. घरी आल्यावर पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत दोन तास द्यावेत. मुंबईचे पाणी व साजगावचे पाणी यांतील फरक कोळंबीला या काळात पचवता येतो. आरंभी १० ते १२ कोळंब्या पुरेशा होत.

उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर, जमिनीलगतच्या गार खोलीत ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान २ ते ४ अंशांनी उतरते. माठातील पाणी गार होण्यामागेही हेच तत्त्व आहे. कमी झालेले पाणी मात्र क्षारविरहित पाण्याने भरावे, कारण बाष्पीभवनात केवळ पाणी उडते व क्षार मागे राहतात. गोठवलेल्या पाण्याची बाटली टाकीत टाकल्याने तापमान एकदम खाली येते आणि लाभापेक्षा हानी अधिक होते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंख्याचा परिणाम घटतो. त्याच काळात वीज जाण्याचे प्रसंगही वाढतात. अशा वेळी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असणे आवश्यक ठरते.

दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलणे पुरेसे असते. अन्न अल्प द्यावे. दोन तासांत न संपलेले अन्न काढून टाकावे. अंगणातील देशी बदामाचे वाळून गळलेले पान धुऊन टाकीत ठेवल्यास त्यावर सूक्ष्मजीवांचा थर वाढतो व पिल्लांना सतत अन्न मिळते. टाकलेली कवचे मात्र काढू नयेत. कोळंब्या ती खाऊन त्यांतील कॅल्शियम परत मिळवतात.

प्रजनन व अध्यापनातील उपयोग

मादी नरापेक्षा मोठी, गडद रंगाची व खोल उदराची असते. सुमारे अडीच ते तीन महिन्यांत ती प्रौढ होते. तिच्या डोक्यामागे, पाठीवर, खोगीराच्या आकाराचा पिवळसर वा हिरवट ठिपका दिसू लागतो. हा ठिपका म्हणजे अंडाशयात परिपक्व होणारी अंडी होत. त्यानंतर मादी कवच टाकते आणि पाण्यात विशिष्ट रासायनिक संकेत सोडते. या संकेताने सर्व नर अस्वस्थपणे टाकीभर पोहू लागतात. समागमानंतर अंडी उदराखालील पोहण्याच्या पायांना चिकटतात. मादी साधारणपणे २० ते ३० अंडी वाहते आणि पाय सतत हलवून त्यांना ताजे पाणी पुरवते.

ही अंडी ३ ते ४ आठवड्यांत फुटतात. पाणी उबदार असल्यास कमी दिवस लागतात. फुटण्यापूर्वी काही दिवस अंड्यांत गर्भाच्या डोळ्यांचे दोन काळे ठिपके साध्या भिंगानेही दिसतात. जन्मणारे पिल्लू सुमारे २ मिलिमीटर लांबीचे असते. फिकट रंगाच्या कोळंबीत हृदयाचे स्पंदन, अन्ननलिकेतील अन्न व अंडाशय कवचातून स्पष्ट दिसतात. पूर्वी ज्या अवयवांच्या दर्शनासाठी प्राणी मारावा लागे, त्यांतील काही येथे जिवंत प्राण्यात, कार्य चालू असताना पाहता येतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना तापमान व अंडी फुटण्याचा कालावधी यांचा संबंध, कवच टाकण्याची वारंवारता, पाण्याच्या कठीणपणाचे मापन असे लहान प्रकल्प एका सत्रात पूर्ण करता येतात.

रंगांच्या आनुवंशिकतेचा अभ्यासही येथे शक्य होतो. लाल व निळ्या वाणांच्या कोळंब्या एकत्र ठेवल्यास त्यांची संतती काही पिढ्यांत मूळच्या तपकिरी, ठिपकेदार रूपाकडे वळते. माणसाने निवडलेला रंग हा सतत निवड केली तरच टिकतो. म्हणून एका टाकीत एकच वाण ठेवावे. मासे सोबत ठेवल्यास पिल्ले खाल्ली जातात. गप्पीसारखा लहान मासाही त्यास अपवाद नाही.

टाकीबाहेरचा प्रश्न

यशस्वी टाकीत काही महिन्यांतच दहाच्या शंभर कोळंब्या होतात आणि अधिकच्या कोळंब्यांचे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. त्यांना जवळच्या ओढ्यात सोडून देणे हा वरवर दयाळू वाटणारा मार्ग आहे. प्रत्यक्षात तोच सर्वांत घातक आहे. जर्मनीत औष्णिक वीजकेंद्राच्या गरम पाण्याने उबदार झालेल्या एका ओढ्यात निओकॅरिडिना डेव्हिडी रुजल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर पोलंडमध्येही वीजकेंद्राच्या कालव्यात ती आढळली. जपान व हवाई येथेही ती परकीय म्हणून स्थिरावली आहे. युरोपात थंडी हा तिच्या प्रसारातील अडसर आहे. कोकणात तसा अडसर नाही.

सह्याद्रीतील बहुतेक ओढे उन्हाळ्यात आटतात आणि ती एक प्रकारची नैसर्गिक मर्यादा ठरते. परंतु वीजकेंद्रांच्या पाण्यामुळे पातळगंगा व उल्हास या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. म्हणजे या परिसरात परकीय कोळंबीला वर्षभर पाणी उपलब्ध आहे. पश्चिम घाटातील ओढ्या-नद्यांत कॅरिडिना प्रजातीच्या देशी लघुकोळंब्या आहेत. त्यांचे अन्न व आश्रयस्थान निओकॅरिडिनासारखेच असते. व्यापारातील कोळंबीबरोबर तिच्या कल्ल्यांत राहणारे स्कुटारिएला यांसारखे सूक्ष्म सहचर जीवही प्रवास करतात. आणि सुटलेली लाल कोळंबी काही पिढ्यांत तपकिरी होत असल्याने ती देशी कोळंबीत मिसळून गेली तर सहज ओळखूही येणार नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया मासळी देशभरच्या जलाशयांत कशी पसरली, हे सर्वश्रुत आहे. मत्स्यालयांतून सुटलेला 'सकर' मासाही आज अनेक नद्या-तलावांत आढळतो. या उदाहरणांवरून एकच बोध मिळतो, तो असा की, पाण्यात सोडलेला जीव परत गोळा करता येत नाही.

निष्कर्ष व शिफारशी

१. साजगाव परिसरात लघुकोळंबीचे संगोपन शक्य असून त्यासाठी महागडी उपकरणे नव्हे, तर पाण्याचे क्षारमान व तापमान यांची स्थिरता निर्णायक ठरते.
२. मृदू पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची भर घालावी. तांब्याच्या भांड्यातील पाणी व डासनाशके यांपासून टाकी दूर ठेवावी.
३. आश्विनात टाकीची उभारणी व कार्तिकात कोळंबी आणणे हा क्रम येथील ऋतुमानास अनुरूप आहे.
४. महाविद्यालयांनी जीवनचक्राच्या प्रत्यक्ष निरीक्षणासाठी या कोळंबीचा उपयोग करावा. त्यामुळे प्राणी न मारता अध्ययन साधते.
५. अधिकच्या कोळंब्या इतर पालकांना वा महाविद्यालयांना द्याव्यात किंवा पाळीव माशांना अन्न म्हणून द्याव्यात. कोळंबी अथवा टाकीतील वनस्पती ओढा, विहीर, तळे यांत सोडू नयेत. बदललेले पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीत किंवा कुंड्यांत जिरवावे.
६. परकीय कोळंबीच्या बरोबरीने पातळगंगा व उल्हास यांच्या खोऱ्यांतील देशी लघुकोळंब्यांच्या नोंदी स्थानिक महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे ठेवाव्यात. आपल्या ओढ्यात आज काय आहे हे नोंदलेले नसेल, तर उद्या त्यातून काय नाहीसे झाले हेही सांगता येणार नाही.